मावशीला डिकन का होता येऊ नये?

परवा आमच्या आळीतल्या एका आजोबांना माती दिली. दोन वर्षं ते अंथरुणाला खिळून होते. दर रविवारी चर्चमधली मिस्सा (उपासना) सुटली की माझी मावशी त्यांच्याकडे कम्युनियन, म्हणजे मिस्सेतली पवित्र भाकर, घेऊन जायची. वसईच्या जुलैतल्या पावसातही, गळ्यातली डबी रेनकोटच्या आत घट्ट धरून. शेवटी त्यांना गिळता येईना, तेव्हा ती नखाएवढा तुकडा चमचाभर पाण्यात द्यायची आणि घोट उतरेपर्यंत त्यांच्या गळ्याकडे बघत बसायची.

अंत्यविधी केला सेमिनरीतून काही महिन्यांसाठी आलेल्या तरुण डिकनने, म्हणजे कॅथलिक चर्चमध्ये धर्मगुरूच्या खालच्या पायरीवरच्या दीक्षित सेवकाने. मुलगा गुणी आहे, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण प्रवचनाआधी त्याने मावशीलाच हळूच विचारलं, "आजोबांचं नाव काय?" तेव्हापासून माझ्या जिवाला चैन नाही.

डिकन मिस्सा अर्पण करत नाही, पापनिवेदन ऐकत नाही. तो बाप्तिस्मा देतो, लग्न लावतो, माती देतो, प्रवचन करतो. २००९ मध्ये पोप बेनेडिक्ट यांनी चर्चच्या कायद्यातच स्पष्ट केलं की डिकनला दीक्षेतून मिळतं ते सेवेचं बळ. मग ते मावशीला का नको? कारण त्याच कायद्याचं कलम १०२४: दीक्षा फक्त पुरुषाला.

आणि बायबलमधली फिबी? रोमकरांस पत्राच्या १६व्या अध्यायात पौल तिला किंख्रियाच्या मंडळीची 'दियाकोनोस' म्हणतो. डिकन हा शब्द तिथूनच आला. किंख्रिया म्हणजे कोरिंथचं बंदर, आपल्यासारखंच गलबतांचं गाव. मराठीत तिची 'सेविका' झाली, आणि सेविका म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे झाडूच येतो.

त्या काळच्या डिकन स्त्रिया पुरुषांच्या बरोबरीच्या नव्हत्या, असं काही अभ्यासक म्हणतात. वाद खरा आहे, मी तो झटकून टाकत नाही. पण सन ४५१ च्या कॅल्सेडन परिषदेने (बिशपांच्या महासभेने) नियम केला की ४० वर्षांखालच्या स्त्रीला ही दीक्षा देऊ नये. म्हणजे चाळिशीनंतर देत होतेच ना! मावशी ६२ वर्षांची आहे.

प्रोटेस्टंटांच्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात तर स्त्रिया पाळकही आहेत. आपल्या कॅथलिकांत पोप फ्रान्सिस यांनी २०१६ आणि २०२० मध्ये स्त्री डिकनांच्या प्रश्नाच्या अभ्यासासाठी समित्या नेमल्या, दार मात्र अजून उघडलेलं नाही.

रोमचा निर्णय वसईत होत नाही, हे मला कळतं. पण प्रश्न तर वसईतून जाऊ शकतो. पुढच्या पॅरिश कौन्सिलमध्ये मी तो लेखी मांडणार आहे. सही करायला कोण कोण येतंय, खाली सांगा.