अंशाअंशाने

डोंबिवलीत राहणाऱ्या माणसाला आपल्याला गुडघे आहेत ही गोष्ट रेल्वेच्या पुलावर कळते. चढताना एक वेळ निभावते; उतरताना मात्र पायरीपायरीला गुडघा आपले मत मांडू लागतो, आणि मागून येणाऱ्या लोंढ्याला त्या मतात काडीचाही रस नसतो. मी कठडा धरून एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरू लागले, तेव्हा लोक ‘काकू, जरा बाजूने’ म्हणत. पुढे काकूंच्या ‘आजी’ झाल्या आणि मग मात्र मी डॉक्टरांकडे जायचे मनावर घेतले.

डॉक्टरांनी मला उभे करून एक्स-रे काढायला लावला. आडवे झोपून काढलेल्या एक्स-रेत गुडघा खोटे बोलू शकतो. अंगाचा भार पडल्यावरच दोन हाडांमधली खरी फट दिसते, असे त्यांनी सांगितले. माझ्या गुडघ्यात आतल्या बाजूला फट म्हणून काही उरलेच नव्हते. केलग्रेन आणि लॉरेन्स या दोन डॉक्टरांनी 1957 साली गुडघ्याच्या झिजेची शून्य ते चार अशी प्रतवारी ठरवून दिली, तीत माझ्या डाव्या गुडघ्याने चार मिळवले. शाळेपासून खात्याच्या परीक्षेपर्यंत काठावर उत्तीर्ण होत आलेल्या बाईला पैकीच्या पैकी गुण मिळाले ते असे.

झीज इतकी होईपर्यंत तुम्हाला कळले कसे नाही, हा प्रश्न मला पुष्कळांनी विचारला. त्याचे उत्तर असे आहे की हाडांच्या टोकांवर कूर्चेचे जे गुळगुळीत अस्तर असते, त्याला ना रक्तवाहिन्या असतात ना वेदना पोहोचवणारे मज्जातंतू. त्यामुळे ती झिजताना तक्रार करत नाही आणि झिजल्यावर भरूनही येत नाही. ती निमूटपणे संपून जाते आणि बोंबलायचे काम उघड्या पडलेल्या हाडांवर सोडून देते. (आमच्या सासरी अशा स्वभावाच्या एक चुलत सासूबाई होत्या, पण तो विषय वेगळा.)

निदान झाल्याची बातमी फुटली आणि घरात औषधांची रीघ लागली. पारिजातकाच्या पानांचा काढा, रात्री भिजवलेल्या मेथ्या, तव्यावर गरम करून बांधायचे रुईचे पान, वाळूच्या पुरचुंडीचा शेक, आणि हे सगळे ज्यांनी स्वतःवर कधीही करून पाहिलेले नाही असे सल्लागार. शेकाने बरे वाटते, हे मी प्रामाणिकपणे नोंदवते. पण शेकल्याने कूर्चा उगवत नाही. सर्वांत लोकप्रिय ठरले ते डिंकाचे लाडू, कारण त्याने गुडघ्यात वंगण तयार होते अशी आमच्या वन्संची ठाम समजूत आहे. अंगावरचे एक किलो उतरले की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो, असे डॉक्टर सांगत होते. लाडवांनी हेच गणित उलट दिशेने सोडवून दाखवले. वंगण कुठे गेले ते कळले नाही. लाडू कुठे गेले ते मात्र वजनकाट्यावर स्पष्ट दिसले.

शेवटी गुडघा बदलायचे ठरले. माझी खात्री पटावी म्हणून आमच्या यांनी थेट इतिहासाचा आधार घेतला. पंतप्रधान असताना अटलबिहारी वाजपेयी यांचा डावा गुडघा ऑक्टोबर 2000 मध्ये आणि उजवा जून 2001 मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात बदलला गेला, आणि त्यासाठी न्यूयॉर्कहून आलेले डॉ. चित्तरंजन राणावत हे आधुनिक कृत्रिम गुडघ्याच्या मूळ घडणीत सहभागी असलेल्या मंडळींपैकी होते, हे सगळे त्यांनी मला जेवताना ऐकवले. “देश चालवणारा माणूस चालायला लागला, तुला तर नुसतं भाजी आणायला जायचंय,” हा त्यांचा समारोप.

पैशांच्या बाबतीतही यांचा अभ्यास दांडगा होता. ऑगस्ट 2017 मध्ये सरकारने कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर कमाल मर्यादा घातली, तेव्हा सर्रास वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्यासाठी ती कर वगळून 54,720 रुपये होती. त्या बातमीचे जपून ठेवलेले कात्रण यांनी रुग्णालयातल्या समुपदेशक मुलीपुढे ठेवले. तिने ते आदराने वाचले आणि सांगितले की काका, ही फक्त सांध्याची किंमत झाली. खोली, शस्त्रक्रियागृह, भूल, औषधे आणि डॉक्टर यांच्यावर अशी मर्यादा घातल्याचे तिच्या कानावर आलेले नाही. कात्रण परत पाकिटात गेले.

शस्त्रक्रियेबद्दल सांगण्यासारखे थोडेच आहे, कारण त्यात माझा वाटा अगदी अल्प होता. गुडघा बदलतात म्हणजे जुना काढून टाकून नवा बसवतात अशी माझी कल्पना होती. प्रत्यक्षात मांडीच्या आणि नडगीच्या हाडांची टोके जेमतेम आठ-दहा मिलिमीटर तासतात, मांडीच्या हाडावर धातूचे टोपण आणि नडगीवर धातूची चकती सिमेंटने चिकटवतात आणि दोहोंच्या मध्ये चिवट प्लास्टिकचा तुकडा ठेवतात. कमरेत भूल दिलेली असल्यामुळे दुखत काहीच नाही, पण ऐकू येते. पडद्यापलीकडे करवत चालली आहे, हातोडीचे ठोके पडत आहेत आणि ते सगळे आपल्याच पायावर चालले आहे ही जाणीव थोडी विचित्र असते. मधूनच डॉक्टर कुणाला तरी कालचा सामना कुणी जिंकला ते विचारत होते, त्यावरून सारे ठीक चालले असावे असा मी अंदाज बांधला. तासा-दीड तासात आटोपले.

खरे प्रकरण त्यानंतर सुरू होते, आणि त्याची कल्पना आधी कुणीही नीट देत नाही. दुसऱ्याच दिवशी सकाळी वॉकर हातात देऊन मला उभे केले. झिजलेल्या हाडाची ती खोल, कुरतडणारी वेदना खरोखरच नाहीशी झाली होती. तिच्या जागी कापलेल्या आणि ताणलेल्या मांसाची अत्यंत ताजी वेदना आली होती. मग आली फिजिओथेरपिस्ट. माझ्या भाचीच्या वयाची, गोड चेहऱ्याची मुलगी, आणि तिच्या हातात दोन दांड्यांचा पारदर्शक प्लास्टिकचा कोनमापक. भूमितीतला कोन मी शाळेतच सोडला होता. त्याने माझा पत्ता असा काढला. पलंगाच्या कडेला बसवून तिने तो कोनमापक गुडघ्याला लावला, टाच हळूहळू मागे रेटली, माझ्या तोंडून निघालेल्या आवाजाकडे साफ दुर्लक्ष केले आणि म्हणाली, “काकू, अडुसष्ट. घरी जायच्या आधी नव्वद करायचेत हं.”

त्या दिवसापासून घरात माझ्या तब्येतीची चौकशी बंद झाली आणि अंशांची सुरू झाली. मुलगा बंगळूरहून फोन करून आधी “किती?” विचारी. जाऊबाईंच्या ओळखीच्या एका बाईंनी म्हणे आठवड्यात शंभर गाठले होते. दहावीच्या निकालानंतर शेजारच्या मुलीचे गुण ऐकावेत तशी मी ते ऐकून घेतले. घोटे वर-खाली करणे हा त्यातला सर्वांत सोपा व्यायाम, आणि पायात रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून तो जागेपणी सतत करायचा असतो. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला वाटे की मी पाय हलवून त्यांना लवकर उठायची खूण करते आहे. काही जणांच्या बाबतीत हा समज मी खोडून काढला नाही.

आणि उशी. शस्त्रक्रिया झालेल्या गुडघ्याखाली उशी ठेवली की फार बरे वाटते आणि नेमकी तीच ठेवायची नसते, कारण गुडघा तसाच किंचित वाकलेला आखडतो आणि मग सरळ होता होत नाही. उशी ठेवायचीच तर टाचेखाली, म्हणजे गुडघा अधांतरी राहून आपल्या वजनाने सरळ होतो आणि आपण पंख्याकडे बघत दात आवळतो. ही गोष्ट मला पटली. माझ्यावर माया करणाऱ्यांना पटली नाही. वन्सं येत, “अगंबाई, पाय कसा अवघडलाय!” म्हणत आणि लोड सरकवत. डोळा लागला की हे हळूच तक्का ठेवून जात. सकाळी येणारी मुलगी तो काढून भिंतीशी उभा करी आणि यांच्याकडे अशा नजरेने पाही की हे वर्तमानपत्र घेऊन बाल्कनीत जात. भेटायला आलेले पुरुष मात्र उशीच्या फंदात पडत नसत. ते खुर्चीत बसून, “म्हणजे आता अक्कल पण नवीन बसली म्हणायची!” हा विनोद करत, आणि हा विनोद आपल्यालाच सुचला आहे असे प्रत्येकाच्या चेहऱ्यावर असे.

बारीकसारीक पुष्कळ गोष्टी कुणी सांगत नाही, त्या सांगून ठेवते. पहिले काही आठवडे रात्री झोप धड लागत नाही. गुडघा कित्येक महिने हाताला गरम लागतो. प्रत्येक वेळी ताप आला म्हणून घाबरायचे नसते, मात्र लाली, स्राव किंवा खरोखरचा ताप असेल तर डॉक्टरांना कळवायला उशीर करायचा नसतो. व्रणाच्या बाहेरच्या बाजूला कातडीचा एक पट्टा बधिर होतो. चालताना मधूनच टक् असा आवाज येतो. आणि ही शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी साधारण पाचातला एक जण पूर्ण समाधानी नसतो, हे कागदावर सही करायच्या आधी डॉक्टरांनी मला स्वच्छ सांगितले, त्याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. दुसऱ्या बाजूला, बदललेल्या गुडघ्यांपैकी सुमारे 82 टक्के पंचवीस वर्षे टिकतात, असा निष्कर्ष 2019 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला आहे. यांनी त्यात माझे वय मिळवून पाहिले आणि गुडघ्याला नॉमिनी लावता येतो का, असे विचारले.

माझी गाडी एकशे पंधरा अंशांवर येऊन थांबली आहे. एवढ्यात जिना, खुर्ची, रिक्षा आणि रेल्वेचा पूल भागतो. जमिनीवर मांडी आणि उकिडवे बसणे मात्र डॉक्टरांनी कायमचे बंद केले आहे. सत्यनारायणाला, हळदीकुंकवाला, पंगतीला आता मला खुर्ची मिळते, आणि प्रत्येक कार्यालयात भिंतीकडेला अशा खुर्च्यांची एक स्वतंत्र रांग असते हे मला तिच्यात बसल्यावरच कळले. तिथे साडी-दागिन्यांकडे कुणाचे लक्ष नसते. शेजारी येऊन बसलेली बाई नाव-गाव विचारायच्या आधी “एक की दोन्ही?” विचारते आणि मग आवाज खाली आणून, “किती वाकतो?” परवा एका बारशाला एक बाई एकशे पंचवीस म्हणाल्या. मी वरवर कौतुक केले. पण त्या उठताना हातांचा आधार घेतात की नाही, यावर शेवटपर्यंत नजर ठेवली. घेतला.

उजव्या गुडघ्यालाही आता चार मिळाले आहेत. तारीख दिवाळीनंतरची घेतली आहे. वन्संनी डिंक आणून ठेवला आहे, आणि मी घरातले सगळे लोड, तक्के आणि उशा मोजून कपाटात घालून किल्ली त्या फिजिओथेरपीवाल्या मुलीकडे दिली आहे.