‘विषारी मासा विकला’ या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार ताई,

रविवारी गर्दीत तुम्हाला ताटकळावं लागलं आणि काउंटरवरचा मुलगा तुटक बोलला, त्याबद्दल माफी मागतो. त्याला समज दिली आहे. एक तारा दिलात, तोही मान्य. पण ‘मुलाच्या हातात विषारी लायनफिश दिला, त्याच्या विषाने टाकीतले छोटे गप्पी मासे गेले’ असं जे लिहिलंय, त्यावर गप्प बसता येत नाही. कालपासून लोक फोन करून विचारतायत, तुमच्याकडे विषारी मासे असतात का म्हणून.

तुम्ही नेलात तो आफ्रिकन बटरफ्लाय फिश. बिलावर तसं लिहिलंय. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या संथ, गोड्या पाण्यातला हा मासा वीतभरही वाढत नाही. लायनफिश समुद्रातला, प्रवाळांत राहणारा. दोघांचे बाजूचे पर पंखासारखे पसरतात, त्यामुळे फोटो बघून तुमच्या शेजाऱ्यांची गफलत झाली असणार. बटरफ्लायच्या पोटाखाली लांब दोरे लोंबतात, ते मऊ असतात, टोचत नाहीत. लायनफिशला पाठीवर 13, पोटाशी 2 आणि मागे शेपटीजवळ खालून 3 असे विषारी काटे असतात, अंगावर तांबडे-पांढरे पट्टे. तुमचा मासा वाळक्या पानासारखा तपकिरी आहे, तुम्हीच टाकलेल्या फोटोत दिसतोय.

शिवाय तुमच्या टाकीत नळाचं पाणी. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. लायनफिश नळाच्या पाण्यात तगणारच नाही, आणि तुमचा मासा तर धडधाकट आहे. आमच्या दुकानात खाऱ्या पाण्याची टाकीच नाही हो. तो खर्च आणि तो व्याप आम्हाला झेपत नाही.

गप्पींचं म्हणाल तर ते विषाने गेले नाहीत, खाल्ले गेले. एकही मेलेला सापडला नाही, हे तुम्हीच लिहिलंय. बटरफ्लाय तोंड वर करून पाण्याच्या पृष्ठभागालगत निपचित पडून राहतो आणि समोर आलेला किडा, लहान मासा गट्ट करतो. लायनफिशसुद्धा सावज गिळतोच. त्याचं विष काट्यांत असतं, स्वतःच्या बचावापुरतं. पाण्यात विष सोडून तो कुणाला मारत नाही. गप्पींबरोबर ठेवू नका, असं मी स्वतः सांगितलं होतं. तेव्हा तुम्ही फोनवर बोलत होतात. असो.

मुलाच्या हाताला दुसऱ्या दिवशी खाज सुटली म्हणता. लायनफिशचा काटा लागला तर कळ त्याच क्षणी मस्तकात जाते. खाज कशाची ते डॉक्टर सांगतील, पण मुलगा आता बरा आहे ना, तेवढं कळवा.

हे दुकान वडिलांनी सुरू केलं. गिऱ्हाईकाला न सांगता धोक्याची वस्तू द्यायची, हे आमच्याकडे कधी झालेलं नाही. टाक्यांवर नावांच्या पाट्या जरा मोठ्या लावू, माहितीचंही काहीतरी करू. मासा परत करायचा असेल तर बिल घेऊन या, शक्यतो दुपारी. तोवर टाकीला झाकण ठेवा, तो उडी मारून बाहेर पडतो. आणि तारा एकच राहू द्या हवं तर, पण ते ‘विषारी’ तेवढं काढा, ही विनंती.