कावीळ उतरवण्याआधी ती कोणती ते विचारा

"कावीळ झालीय" हे निदान नव्हे. रक्तात बिलिरुबिन हे पिवळं द्रव्य वाढलं आणि डोळे पिवळे झाले, एवढंच त्यातून कळतं. यकृताला सूज आणणारे मुख्य विषाणू पाच: हेपॅटायटिस ए, बी, सी, डी आणि ई. नावं एका माळेतली, पण विषाणू पूर्णपणे वेगळे.

ए आणि ई येतात मैलामिश्रित पाण्यातून, अन्नातून. 2012 मध्ये इचलकरंजीत आलेली मोठी साथ ई ची होती. गटाराला लागून गेलेली जलवाहिनी जोडाला गळत असेल, तर पाणी बंद झाल्यावर दाब उतरतो आणि बाहेरची घाण आत ओढली जाते. म्हणून साथीत नळ सुटल्यावरचं पहिलं पाणी सोडून द्या. बाकीचं खळखळून उकळी आल्यावर किमान एक मिनिट उकळा. ई ची लक्षणं 2 ते 10 आठवड्यांनी दिसतात, तेव्हा कालच्या पाणीपुरीला दोष देण्यात अर्थ नाही. आणि कावीळ झाली म्हणून गाड्यावरचा बर्फ घातलेला उसाचा रस तर मुळीच नको.

ए आणि ई बहुतेकांत आपोआप बरे होतात. कावीळ उतरवायला गळ्यात घालतात त्या झाडपाल्याच्या माळेला श्रेय मिळतं ते त्यामुळेच. माळेतल्या ओल्या कांड्या वाळून आक्रसतात, दोऱ्याच्या गाठी सैलावतात, माळ लांबते. घरच्यांना वाटतं, कावीळ उतरली. पण गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत ई झाला, तर शंभरात 20 ते 25 बायका दगावू शकतात. अशा बाईला माळ, झाडपाला यात एक दिवसही घालवू नका, थेट मोठ्या रुग्णालयात न्या. रुग्ण कोणीही असो, गुंगी, असंबद्ध बोलणं किंवा हिरड्यांतून रक्त दिसलं तर तासही दवडू नका.

बी आणि सी रक्तातून जातात. बी शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळालाही जातो. हे दोन्ही डोळे पिवळे न करता वर्षानुवर्षं यकृत पोखरू शकतात, म्हणून मला त्यांचीच जास्त काळजी वाटते. जन्मताच बी झालेल्या बाळांपैकी सुमारे 90 टक्क्यांत तो कायमचा राहतो, मोठेपणी झाला तर 5 टक्क्यांहून कमी जणांत. त्यासाठीच बाळाला पहिल्या 24 तासांत बी ची लस हवी. बाळंतिणीला घरी सोडताना कार्डावर त्या डोसची नोंद आहे का, ते बघून घ्या. आई पॉझिटिव्ह असेल तर बाळाला इम्युनोग्लोब्युलिनचं, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं, इंजेक्शनही लागतं. डी हा बी शिवाय होतच नाही, त्यामुळे बी ची लस त्यालाही रोखते.

सी ला लस नाही, पण 12 आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुतेकजण पूर्ण बरे होतात. सरकारच्या राष्ट्रीय हेपॅटायटिस कार्यक्रमात 2018 पासून तपासणी आणि औषधं मोफत आहेत. मात्र अँटी-एचसीव्ही, म्हणजे सी विरुद्धच्या प्रतिपिंडांची तपासणी, पॉझिटिव्ह आल्यावर घाबरून जाऊ नका. जुना, बरा झालेला संसर्गही तसाच दिसतो, विषाणू अजून रक्तात आहे का, ते आरएनए तपासणीनंतरच ठरतं.

तेव्हा डोळे पिवळे दिसले की डॉक्टरांना चार तपासण्यांबद्दल विचारा: ए आणि ई ची आयजीएम (ताज्या संसर्गाची खूण), बी साठी एचबीएसएजी, सी साठी अँटी-एचसीव्ही. घरात कोणी बी पॉझिटिव्ह निघालं तर नवरा-बायको, मुलं, भावंडं सगळ्यांची तपासणी करा. जे निगेटिव्ह असतील आणि लस झालेली नसेल, त्यांनी आज, महिन्याने आणि सहा महिन्यांनी अशी लस घ्यावी. त्या माणसाचं ताट-वाटी वेगळी काढू नका, एकत्र जेवून बी पसरत नाही. दाढीचं ब्लेड, टूथब्रश आणि नेलकटर मात्र ज्याचं त्याचंच हवं: वाळलेल्या रक्तातही हा विषाणू सात दिवस टिकतो.