ठिपके गेले म्हणजे रोग गेला नाही

‘टाकीत मूठभर मीठ टाका, दोन दिवसांत माशावरचे पांढरे ठिपके गेले की औषध बंद करा,’ असा संदेश सध्या फिरतोय. तो अर्धवट आहे, आणि त्यापायी मासे मरतात.

हे ठिपके इक्थियोफ्थिरियस या एकपेशीय परजीवीचे. ठिपक्याच्या अवस्थेत तो माशाच्या कातडीखाली असतो, तिथे मीठ किंवा औषध पोचतच नाही. वाढ झाली की तो गळून तळाशी बसतो, स्वतःभोवती कवच करतो आणि एकाचे शेकडो होतात. ही पिल्लं नवा मासा शोधत पोहतात, तेवढ्याच वेळात औषधाने मरतात. ठिपके नाहीसे होतात ते बहुधा याच गळण्यामुळे. नेमकं तेव्हाच औषध थांबवलं तर पुढची लाट कल्ल्यांवर येते. ती वरून दिसतही नाही, मासा नुसता धापा टाकतो.

मीठ मुठीने नको, मोजून घ्या: लिटरला 2 ते 3 ग्रॅम, आधी विरघळवून, दिवसभरात थोडं थोडं. कॅटफिश, लोच या जातींचे मासे असतील तर आणखी जपून. तळातली घाण रोज सायफनने (नळीने) ओढून काढा, हवेचा पंप चालू ठेवा. पाणी 25 अंश सेल्सिअसच्या आसपास असेल तर शेवटचा ठिपका गेल्यावरही उपचार आठवडाभर चालू ठेवा. थंड पाण्यात हे चक्र कितीतरी लांबतं.