कूलरच्या पंपाचं कारंजं मांजरासाठी नको

आपल्या बेळगाव-खानापूर-निपाणीकडच्या ग्रुपांवर एक संदेश फिरतोय: कूलरचा पंप घ्या, प्लॅस्टिकच्या डब्यात बसवा, भोकं एम-सीलनं बुजवा, की मांजरासाठी कारंजं तयार. पुढे लिहिलंय की वाहतं पाणी खराब होत नाही, डबा धुवावा लागत नाही, आणि हे पाणी पिणाऱ्या मांजराला मुतखडा होत नाही. घरी कारंजं करायला माझी हरकत नाही. पण असं नको.

सगळ्यात आधी पंप. कूलरचा पंप थेट २३० व्होल्टवर चालतो. त्याचं सील फुटलं किंवा वायरीचं आवरण सोललं की करंट पाण्यात उतरू शकतो, आणि त्याच पाण्याला मांजर जीभ लावतं. पिल्लं तर वायर चावतातच. आपल्याकडच्या कितीतरी जुन्या घरांत अर्थिंग धड नसतं, आणि खानापूर-जांबोटीकडे पावसाळ्यात फरशी, भिंती ओल्याच असतात. अशा घरात पाणी भरायला वाकलेल्या माणसालाही धोका आहे. शिवाय पाणी आटून पंप उघडा पडला तर तो कोरडा चालून तापतो.

त्याऐवजी मोबाईलच्या चार्जरवर चालणारा ५ व्होल्टचा छोटा पंप घ्या. चार्जर बीआयएस खुणेचा, चांगला हवा, कारण २३० व्होल्ट पाण्यापासून लांब ठेवण्याचं काम तोच करतो. तो उंचावर, कोरड्या जागी लावा. वायर आधी सॉकेटच्या खाली लोंबू द्या आणि मग वर न्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी खालीच गळेल. भांडं स्टीलचं किंवा चिनी मातीचं, जड बुडाचं घ्या. प्लॅस्टिकवर चरे पडतात आणि त्यांत जंतू घर करतात. एम-सील पिण्याच्या पाण्यासाठी बनवलेलं नाही. वायर भांड्याच्या काठावरून बाहेर काढली की भोक पाडायलाच नको.

“धुवायची गरज नाही” हे तर साफ खोटं. वाहत्या पाण्यातही लाळ, केस, अन्नाचे कण पडतात आणि बुळबुळीत थर धरतो. पाणी राकसकोप धरणाचं असो की विहिरीचं, रोज बदला. आठवड्याला पंप उघडून आतला पंखा ब्रशनं घासा. फिनेल किंवा डेटॉल मात्र वापरू नका. त्यांतली रसायनं मांजराच्या यकृताला नीट निकामी करता येत नाहीत, ती त्याला विषारी ठरतात. भांड्याच्या साबणानं धुऊन भरपूर पाण्यानं खळबळा.

आता मुतखडा. त्याचा धोका कमी करायला मांजराच्या पोटात पुरेसं पाणी जावं लागतं, नुसतं कारंजं ठेवून त्याची खात्री नाही. काही मांजरांना वाहतं पाणी आवडतं, काही ढुंकूनही बघत नाहीत, म्हणून शेजारी साधी वाटी भरलेली असूच द्या. करंट गेला तरी तीच उपयोगी पडते. चार किलोच्या मांजराला अन्नातलं धरून दिवसाला साधारण २०० मिली पाणी लागतं. कोरड्या खाद्यात पाणी जेमतेम १० टक्के, ओल्या खाद्यात ७५ टक्क्यांच्या वर. त्यामुळे कारंज्यापेक्षा ओल्या खाण्याचा फरक जास्त पडतो. मीठ, कांदा, लसूण न घालता उकडलेलं चिकन त्याच्या पाण्यासकट द्या.

आणि बोका सारखा मुतायला बसतोय, ओरडतोय, पण थेंबही येत नाही असं दिसलं, तर कारंज्यावर भरवसा ठेवून थांबू नका. मूत्रमार्ग तुंबला असेल तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. रात्र असली तरी जनावरांच्या डॉक्टरांना फोन करा.