कोचला नारळ देण्याची शास्त्रोक्त पद्धत

जानेवारी संपत आला, कॉन्फरन्समध्ये (म्हणजे आपल्या गटातल्या कॉलेजांशी) दोन जिंकून सात हरलो आणि वरच्या रांगा रिकाम्या दिसू लागल्या, की कोच बदलायची वेळ झाली असं खुशाल समजावं. अमेरिकेत डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या पातळीवर, कॉलेजांचे साडेतीनशेहून जास्त बास्केटबॉल संघ आहेत आणि मार्चच्या राष्ट्रीय स्पर्धेत जागा ६८. म्हणजे दरवर्षी तीनशेच्या आसपास कॉलेजांना हे सबळ कारण आपोआप मिळतं. तुम्ही माजी विद्यार्थी असाल, वर देणगीदार असाल, तर मागे राहण्यात अर्थ नाही.

आधी पुरावा. तो फक्त जय-पराजयाचा घ्यावा. केनपॉम या आकडेवारीच्या संकेतस्थळाचं पान चुकूनही उघडू नये. तिथे दर शंभर पझेशनमागे (म्हणजे चेंडू हाती आल्याच्या शंभर खेपांमागे) किती गुण केले आणि किती दिले, हे समोरच्या संघाची ताकद लक्षात घेऊन मांडलेलं असतं, आणि मग नको त्या शंका येतात. सामन्यात साधारण ६८ पझेशन होतात. समजा समोरच्यांनी २४ थ्री मारल्या, म्हणजे लांबून तीन गुणांसाठी २४ वेळा चेंडू टाकला. एरवी आठ पडल्या असत्या, त्या दिवशी अकरा पडल्या. नऊ गुण तिथेच गेले, आणि तुम्ही हरलात सहाने. थ्री किती घेऊ द्यायच्या हे बचावाच्या हातात असतं; घेतलेल्यांतल्या किती पडतील, हे फारसं नसतं. फ्री थ्रोला तर समोरच्याला कोणी अडवतच नाही. असे चार सामने उलटे गेले की १९-१२ चा (१९ विजय, १२ पराभव) हंगाम १५-१६ होतो. कोचचं काम बघायचंच असेल तर ते टर्नओव्हरमध्ये (चेंडू गमावण्यात), स्वतःच्या बोर्डवरच्या रिबाउंडमध्ये (हुकलेला चेंडू पकडण्यात) आणि बास्केट पडल्यावर मुलं किती पटकन मागे पळतात यात दिसतं. पण त्यासाठी सामने बघावे लागतात. त्यापेक्षा "पोरं जीव तोडून खेळत नाहीत" हे वाक्य बरं. त्याला आकडा लागत नाही, आणि ते खोडून काढता येत नाही.

वेळापत्रकाकडेही बघू नका. नोव्हेंबरात एखाद्या छोट्या कॉलेजाला ऐंशी-नव्वद हजार डॉलर देऊन आपल्याच मैदानावर हरायला बोलावायची रीत आहे. त्यातलं एखादं जिंकून जातं, वर चेकही घेऊन जातं. नेट या संघांच्या क्रमवारीत १६१ च्या खालच्या संघाशी घरी खेळलेला सामना चौथ्या क्वाडचा, म्हणजे सगळ्यात खालच्या वर्गातला. तो जिंकलात तर मार्चचे संघ निवडणारी समिती ढुंकून बघत नाही आणि हरलात तर मार्चपर्यंत विसरत नाही. पहिल्या क्वाडसाठी घरी पहिल्या ३० मधला, तटस्थ मैदानावर पहिल्या ५० मधला किंवा बाहेर जाऊन पहिल्या ७५ मधला प्रतिस्पर्धी लागतो. असे सामने ठरवणं हे निम्मं क्रीडा संचालकांचं काम. पण त्यांनाच तर कोचला काढायचं आहे, तेव्हा हा विषय सध्या नको.

आता करार. कोचला काढण्याच्या साधारण दोन वर्षं आधी त्याचा करार वाढवून ठेवावा. कारणही छान देता येतं: कोचची दोनच वर्षं उरली आहेत हे कळलं तर शाळेतली चांगली पोरं येणार कशी? मग चार वर्षं वाढवायची, सगळी हमीची. काढलेल्या कोचला दुसरीकडे नोकरी लागली तर तो पगार आपल्या देण्यातून वजा व्हावा, असं कलम करारात घालता येतं. कोचच्या एजंटला आवडत नाही म्हणून ते गाळावं. अनेक करारांत बायआउट, म्हणजे मुदतीआधी काढल्यास कोचला द्यायची रक्कम, ठरलेल्या तारखेला लाखो डॉलरने उतरते. काढायचं ते त्या तारखेच्या आठवडाभर आधी, म्हणजे आपण किती गंभीर आहोत हे जगाला कळतं.

नमुना हवा असेल तर इंडियाना विद्यापीठ बघा. पाच विजेतेपदं, शेवटचं १९८७ चं. २००० मध्ये बॉब नाइटना काढल्यापासून आता सहावा पूर्णवेळ कोच चालू आहे, हंगामी वेगळे. २०२१ मध्ये आर्ची मिलरना घालवायला सुमारे एक कोटी डॉलर लागले, देणगीदारांनी भरले. त्याआधी केल्विन सॅम्पसन भावी खेळाडूंना केलेल्या नियमबाह्य फोनांच्या प्रकरणात २००८ मध्ये गेले. त्यांनी पुढे ह्यूस्टनला २०२५ च्या अंतिम सामन्यात नेलं आणि ते फ्लोरिडाकडून दोन गुणांनी हरले. इंडियानाने त्याच्या तीनच आठवडे आधी आणखी एक नवा कोच नेमला होता.

केंटकी विद्यापीठाचं नशीब मात्र सगळ्यांना लाभत नाही. २०२४ मध्ये पहिल्याच फेरीत ओकलंडकडून ८०-७६ असे हरले. कोच जॉन कॅलिपारींना काढायचं तर तीन कोटी डॉलरच्या वर जात होते, आणि कॅलिपारी आपणहून आर्कान्सॉला गेले. सुंठेवाचून खोकला गेला.

पैशाची एक बारीक बाब आहे, ती देणगीदारांच्या जेवणात काढू नका. २०२५-२६ पासून कॉलेज आपल्या खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतं: पहिल्या वर्षी सगळे खेळ धरून कमाल २ कोटी ५ लाख डॉलर, आणि त्यातला मोठा घास अमेरिकन फुटबॉलचा. बायआउट या मर्यादेत धरत नाहीत, म्हणून तो फुकट वाटतो. देणारे खिसे तेच. नव्या कोचला चांगला सेंटर (बास्केटजवळचा उंच खेळाडू) हवा असतो तेव्हा ते खिसे जुन्या कोचचे हप्ते भरत असतात.

कोच बदलला की त्याच्या पोरांना ट्रान्सफर पोर्टलची, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीची, वेगळी खिडकी मिळते. तेव्हा शोध सावकाश करावा: शोधसंस्था नेमावी, समिती नेमावी, कॉलेजच्या विमानाचा माग काढत बसावं. तोवर तुमचा पॉइंट गार्ड शेजारच्या राज्यात पोचलेला असतो. जुना कोच बचावाचा असेल तर नवा आक्रमणाचा घ्यावा, जुना शांत असेल तर नवा ओरडणारा.

कोणी ड्यूक विद्यापीठाचं नाव काढलं तर विषय बदला. कोच माइक शिशेवस्कींची तिथली पहिली तीन वर्षं धरून ३८-४७ होते, शेवटच्या सामन्यात व्हर्जिनियाने १०९-६६ असं धुतलं होतं. लोक हाकला म्हणत असताना क्रीडा संचालक टॉम बटर्स यांनी जानेवारी १९८४ मध्ये उलट करारच वाढवला. पुढे पाच विजेतेपदं. अशा माणसांमुळे शोधसंस्थांचा धंदा बसेल.

बदल कधीच करू नये असं मात्र नाही. लुईव्हिलमध्ये केनी पेन यांचा संघ पहिल्या हंगामात ४-२८ आणि दुसऱ्यात ८-२४ होता. एवढे सामने नुसत्या नशिबाने कोणी हरत नाही. २०२४ मध्ये पॅट केल्सी आले, जवळजवळ अख्खा संघ नवा आणला आणि पहिल्याच वर्षी २७-८. मार्चमध्ये पहिल्या फेरीत क्रेटनने घरी पाठवलं. तुमच्या नव्या कोचचं असं झालं तर लगेच काही करू नका. दोन हंगाम थांबा, आणि मधल्या काळात त्याचा करार वाढवून ठेवा.