खुलासा : लाकूडतोडीमुळे हरणं रान सोडत नाहीत

‘झाडं तोडली की त्या रानातली हरणाची शिकार कायमची संपली,’ हा अमेरिकेतल्या पेनसिल्वेनियाबद्दल फिरणारा दावा चुकीचा आहे. यंत्रांच्या आवाजानं पांढऱ्या शेपटीची हरणं जरा बाजूला होतात, पण लवकर परततात. हिवाळ्यात तर पाडलेल्या झाडांच्या शेंड्यांवरचे कोंब खायला ती तोड चालू असतानाच येतात! पुढं जमिनीवर ऊन पडतं, बुंध्यांना धुमारे फुटतात, काटेरी जाळ्या माजतात. चारा आणि आडोसा दोन्ही मिळतं. शिकाऱ्याला बसायची जागा तेवढी बदलावी लागते.

खरी काळजी ओक या झाडाची आहे. फळणारे जुने ओक सरसकट तोडले, तर त्यांची फळं, म्हणजे हरणांचं शरदातलं मुख्य खाणं जातं. आणि हरणं फार झाली तर नवी रोपं वाढूच देत नाहीत. म्हणून तिथं काही ठिकाणी तोडलेल्या पट्ट्यांना आठ फुटी कुंपण घालतात.